गादीएवढं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंग्लंडचा इतिहास होता. सरांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला आणि त्यावर पंधरा मिनिटं उभं राहून बोलायला सांगितलं. कुणाला कारखान्यांतले कामगार आले, कुणाला मताधिकार. माझ्या वाट्याला आला तो एक राजा. एका बाईशी लग्न करायचं म्हणून त्यानं गादी सोडली, ती धाकट्या भावाला दिली आणि देशाबाहेर निघून गेला. वर्षभरसुद्धा राज्य केलं नव्हतं. विषय सोपा आहे आणि सनावळ्या कमी आहेत, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खूश झाले.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका लहान गावातून मी बसनं कोल्हापूरला कॉलेजला जायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आमच्याकडं बायकासुद्धा स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मी सरांना 'उद्या येतो' म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. तेव्हापासून मी कॉलेजात 'येते' म्हणायला शिकले. घरी आले की परत 'येतो'.

भाषणाच्या दिवशी मी वही उघडून वाचायला सुरुवात केली. तो राजा युवराज असताना हिंदुस्थानात आला होता, पुण्यात छत्रपतींच्या स्मारकाचा पायाही त्यानंच घातला होता, हे मी आधी सांगितलं. त्यावर वर्ग जरा सावरून बसला. पुढं मी वाचलं, "राजाला जी बाई आवडली होती, तिची पहिली काडीमोड झाली होती आणि दुसरी व्हायची होती."

सगळा वर्ग हसला. मला कळेना काय चुकलं. घरात तो शब्द रोजचा होता. सर मात्र हसले नाहीत. वर्ग गप्प होईपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "शब्द चुकीचा नाही. पण परीक्षेत घटस्फोट लिहा." सरांची ती पद्धतच होती. आधी आमची बाजू घ्यायची, मग दुरुस्त करायचं. आज मी स्वतः शिकवते तेव्हा जमेल तसं त्यांच्यासारखं वागायचा प्रयत्न करते.

तो शब्द आमच्या घरात रोजचा का होता, ते सांगायला हवं. माझी थोरली बहीण, आक्का, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तीन वर्षांत ती परत आली. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली होती, आणि आक्कानं तिथं भांडी घासत राहावं अशी त्याच्या घरच्यांची अपेक्षा होती. पंच बसले. जुन्या रीतीप्रमाणे गवताची काडी कुणी मोडली नाही, स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या. पण गावात शब्द जुनाच राहिला. आक्का त्यानंतर घरात बसली नाही. गावच्या दूध संस्थेत फॅट काढायच्या कामाला लागली. सकाळ-संध्याकाळ रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या किटलीतलं दूध नळीत घ्यायचं, ॲसिड घालायचं, नळी फिरवून आकडा बघायचा आणि सांगायचा. आकडा कमी आला की गावातले दांडगे लोक अंगावर यायचे. ती आकडा बदलायची नाही. माझं कॉलेज तिच्या त्या कामावर झालं. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, इथंही सांगते.

त्या दिवशी घरी येऊन मी वर्ग कसा हसला ते सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिला हसण्याचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं.

"म्हंजी त्यांच्यातबी काडीमोड हाय की," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "मग म्होतूर लावायचं हुतं. गादी कशापायी सोडायची?"

म्होतूर म्हणजे नवरा गेलेल्या किंवा काडीमोड झालेल्या बाईचं दुसरं लग्न. मांडव नाही, वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. चार माणसांत उरकायचं. ती बाई बायको होते, संसार करते, पण देवाच्या पूजेला नवऱ्याशेजारी पाटावर बसत नाही. आजीच्या वेळी आमच्यात ते सर्रास व्हायचं. मग पाण्याच्या स्कीमी आल्या, ऊस आला, घरांवर स्लॅब पडले आणि आम्ही चांगल्यातले झालो. चांगल्यात काडीमोड झालेली मुलगी घरीच बसते.

मी आईला हसून म्हणाले की तो इंग्लंडचा राजा होता, त्यांच्यात म्होतूर कुठलं. आई म्हणाली, "बायकू म्हणून ऱ्हाईल, राणी म्हणून न्हाई. झालं. त्यात काय अवघड हाय?" आक्का दारात बसून पायाला लागलेलं शेण खरवडत होती.

शाहूपुरीत तेव्हा एक जुनं वाचनालय होतं. खाली दुकानं आणि वर पुस्तकं. तिथले ग्रंथपाल मला ओळखायला लागले होते, कारण इंग्रजी कपाटापाशी जाणारी मुलगी त्यांच्याकडं दुसरी नव्हती. सरांनी मला तोच विषय पुन्हा नीट लिहून आणायला सांगितला होता, म्हणून मी त्या राजावरचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि शब्दकोश शेजारी घेऊन बसले. एका पानावर मला असा शब्द सापडला जो उच्चारताही येईना. त्याचा अर्थ लावायला अर्धा तास गेला. अर्थ असा, की राजानं त्या बाईशी लग्न करावं, ती त्याची बायको होईल, पण राणी होणार नाही, आणि तिच्या मुलांना गादी मिळणार नाही. राजानं हेच पंतप्रधानांपुढं ठेवलं होतं. पंतप्रधानांनी मंत्र्यांना विचारलं, साम्राज्यातल्या समुद्रापलीकडच्या देशांना विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं.

मी तिथंच बसून राहिले. माझी आई अंगठा करायची. ज्या तोडग्यावर एवढं मंत्रिमंडळ बसलं, तो तिनं तव्यावरची भाकरी उलटता उलटता काढला होता.

नव्या निबंधात मी सरळ लिहिलं: राजाने म्होतूर लावण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. सरांनी या वेळी तो शब्द खोडला नाही. त्याखाली तांबडी रेघ मारून समासात लिहिलं, 'यापेक्षा चांगला प्रतिशब्द माझ्या माहितीत नाही.' आणि वर्गात म्हणाले, "हिच्या आईला त्या वेळी लंडनला न्यायला पाहिजे होतं." वर्ग पुन्हा हसला, पण त्या दिवशी मीही हसले.

इथपर्यंत ही माझ्या शिक्षणाची गोष्ट होती. पुढची आक्काची आहे.

दूध संस्थांची तपासणी करायला संघाकडून एक पर्यवेक्षक यायचे. बिद्रीकडच्या एका गावचे. दर आठवड्याला यायचे, नळ्या बघायचे, नमुन्याची बाटली सील करायचे, वहीत सही करायचे. आक्का त्यांना सायेब म्हणायची. आमच्या घरी एकदा चहाला आले तेव्हा आईनं त्यांना आमच्याकडच्या रीतीनं "बसा की पावणं" म्हटलं आणि ते बराच वेळ बसले. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती. मूलही राहिलं नव्हतं. गावातल्या एका मोठ्या माणसानं आकड्यावरून आक्काला शिव्या दिल्या, तेव्हा ते मध्ये पडले नाहीत. त्यांनी फक्त त्या माणसाच्या किटलीतलं दूध सगळ्यांसमोर पुन्हा तपासलं. आक्काचाच आकडा आला. मला वाटतं, तिला ते तिथं आवडले.

मामाच्या मध्यस्थीनं त्यांनी मागणी घातली.

अडचण त्यांच्या घरात होती. त्यांच्या गावच्या जत्रेत देवीची पहिली ओटी भरायचा मान त्यांच्या घराकडं होता, आणि तो थोरल्या मुलानं आणि त्याच्या बायकोनं जोडीनं करायचा. ते एकटे पडल्यापासून धाकटा भाऊ आणि भावजय ते तात्पुरतं करत होते. घरच्यांना त्यांच्यासाठी आधी लग्न न झालेली मुलगी हवी होती. मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर वडीलधाऱ्यांनी तडजोड काढली. हिच्याशी म्होतूर लाव, पण ओटीला ही बसायची नाही. म्हणजे आईचा तोडगा, जसाच्या तसा. आईनं तो लगेच मान्य केला. आक्कानंही कदाचित केला असता.

त्यांनीच केला नाही. आमच्या पुढच्या सोप्यात बसून ते मामाला म्हणाले, "बसंल तर शेजारी बसंल. न्हाईतर मान धाकट्याला देऊन टाकतो. तसं घरात सांगून आलोय." त्यांच्या आईनं त्या दिवसापासून अंथरूण धरलं होतं, हे मामाकडून नंतर कळलं.

मी ते ऐकलं आणि मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. निबंधातला राजा आमच्या सोप्यात येऊन बसला होता. मी आक्काला म्हणाले, "बघ, गादी सोडतोय तुझ्यासाठी."

आक्का हसली नाही. तिनं विचारलं, "पुढं काय झालं गं त्या दोघांचं?"

मला सांगता आलं नाही. आमच्या अभ्यासक्रमात राजा गादी सोडतो आणि पुढच्या धड्यात महायुद्ध सुरू होतं. गादी सोडल्यानंतर माणसं उरतात, हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हणाले, वाचून सांगतो.

वाचनालयातलं ते जाड पुस्तक मी पुन्हा काढलं. आठवडाभर शब्दकोश घेऊन वाचत होते. सगळं वाचलं असं नाही. काही पानांवर लांबलचक वाक्यं होती, पाहुण्यांच्या आठवणी, पत्रांतले उतारे. ती मी सोडली. ज्या पानांवर सरळ घटना होत्या, तेवढ्या उतरवून घेतल्या, परीक्षेसाठी घ्याव्यात तशा.

दुपारी संस्थेत कुणी नसायचं. आक्का फॅटच्या नळ्या धूत होती आणि मी वहीतून तिला सांगत गेले. लग्नाला राजाच्या घरचं कुणी आलं नाही. भावानं त्याला सरदारकी दिली, पण तिला घराण्याचा किताब दिला नाही. तो जन्मभर तिच्यासाठी तो मागत राहिला. त्याच्या आईनं तिला कधी घरात घेतलं नाही. तो जर्मनीत जाऊन तिथल्या हुकूमशहाला भेटून आला, त्याची बदनामी झाली. युद्धात त्याला लांबच्या बेटांवर गव्हर्नर करून धाडलं. नंतर दोघं फ्रान्समध्ये राहिली, परक्यासारखी. मूलबाळ नाही. कुत्री होती. त्याला काम असं काही नव्हतं. लोक तिला बघायला यायचे, हिच्यासाठी राज्य सोडलं ती ही, म्हणून. तो गेल्यावर ती चौदा वर्षं जगली, त्यातली शेवटची बरीच अंथरुणाला खिळून. वाचा गेली होती. वारल्यावर तिला इंग्लंडला नेलं आणि त्याच्या शेजारी पुरलं.

"मेल्यावर बसवली व्हय शेजारी," आक्का म्हणाली.

तिनं हातातली नळी उजेडाकडं धरून बघितली, पुन्हा पाण्यात घातली. मग ती माझ्याकडं न बघता बोलली.

"तिला बिचारीला रोज सकाळी उठून त्या गादीएवढं व्हावं लागलं असंल. एक दिवस भाजीत मीठ जास्ती पडलं तरी त्याला वाटायचं, ह्याच्यासाठी सोडलं काय मी." नळ्या स्टँडला लावत ती म्हणाली, "मला न्हाई जमायचं. मी हाय एवढीच हाय."

पुढच्या आठवड्यात ते तपासणीला आले तेव्हा मी बाहेर कट्ट्यावर बसले होते. आत आक्कानं त्यांना सांगितलं. दार उघडंच होतं. तिनं फार काही सांगितलं नाही, तुमच्या घरचा मान तुमच्याकडंच राहू दे, मला नको, एवढंच. त्यांनी एकदाच विचारलं, "नक्की?" आक्का म्हणाली, "व्हय." त्यांनी नमुन्याची बाटली सील केली, वहीत सही केली, मला "अभ्यास कर" म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. पुढच्या महिन्यापासून तपासणीला दुसरे पर्यवेक्षक आले.

आईनं आक्काशी आठ दिवस बोलणं टाकलं. मग सुरू केलं. दुसरी मागणी आली नाही, किंवा आली ती आक्कानं आमच्यापर्यंत पोचू दिली नाही.

मी एम.ए. झाले, बी.एड. झाले. दोन हजार सालानंतर मला बिद्रीच्या बाजूच्या एका हायस्कूलमध्ये नोकरी लागली. तिथल्या एका बाईंनी एकदा गावच्या जत्रेला जेवायला बोलावलं. त्या पर्यवेक्षकांच्या गावाचं नाव ऐकून मी आधी नाही म्हणणार होते. तरी गेले.

देवळासमोर दाटी होती. पहिली ओटी भरायला एक जोडपं पुढं आलं. पुरुष त्यांच्यासारखा दिसत होता, पण ते नव्हते. मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा धाकटा. थोरल्यानं परत लग्नच केलं नाही, आणि जोडीशिवाय मान चालत नाही, म्हणून घरच्यांनी तो कायमचा धाकट्याकडं दिला.

ते पाण्याच्या टाकीपाशी उभे होते, लोकांना तांबे भरून देत होते. केस पिकले होते. त्यांनी मला ओळखलं. तांब्या हातात देऊन म्हणाले, "आक्का बऱ्या हायत?"

"बरी आहे," मी म्हणाले.

"अजून फॅट काढत्यात?"

"काढते. पण आता मशीन आलंय."

"व्हय," ते म्हणाले. "आता सगळीकडं आलं." मागं रांग थांबली होती, म्हणून मी पुढं सरकले.

त्यांच्याकडं मान राहावा म्हणून आक्का नाही म्हणाली होती, आणि मान तर गेलाच होता. हे घरी जाऊन कसं सांगायचं ते मला कळेना. पुष्कळ दिवस मी सांगितलं नाही.

मग एका सुट्टीत शाहूपुरीतल्या त्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल बदलले होते, पुस्तक तेच होतं. या वेळी मला शब्दकोश लागला नाही. विद्यार्थिनी असताना सोडलेली पानं मी वाचली. त्यांत पाहुण्यांनी लिहून ठेवलं होतं, की म्हातारपणीसुद्धा ती खोलीत आली की त्याचा चेहरा बदलायचा, आणि पश्चात्ताप होतो का, असं कुणी विचारलं तर तो नाही म्हणायचा. हे मी आक्काला सांगितलेलं नव्हतं. अवघड इंग्रजी म्हणून सोडून दिलं होतं. तिच्या आयुष्याचा निर्णय तिनं माझ्या अर्ध्या वाचनावर घेतला, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही कधी कधी वाटतं.

आणखी एक पान होतं. गादी सोडायच्या आधी ती बाई फ्रान्सला निघून गेली होती. तिथून तिनं जाहीर केलं की मी बाजूला व्हायला तयार आहे. फोनवर त्याला तेच सांगत होती. लाइन इतकी खराब होती की ओरडून बोलावं लागत होतं. त्यानं ऐकलं नाही.

त्या दिवशी घरी जाऊन मी आक्काला सगळं सांगितलं. आधी पुस्तकातलं, मग जत्रेतलं. तांब्याचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. मान धाकट्याकडं गेला तेही सांगितलं. माझ्या वाचण्यात चूक झाली होती, असंही म्हणाले. आक्का शेंगा फोडत बसली होती. तिनं माझ्या चुकीकडं लक्षच दिलं नाही.

"म्हंजी तीबी न्हाईच म्हणालेली," ती म्हणाली.

"हो. पण त्यानं ऐकलं नाही तिचं."

आक्कानं टरफलं सुपाच्या एका कडेला सारली. दाणे दुसऱ्या कडेला. मग खालीच बघत हळू म्हणाली, "ह्येंनी ऐकलं."

इतकी वर्षं ती त्यांना सायेब म्हणत आली होती. आमच्याकडं बाई 'ह्येंनी' म्हणते ते एकाच माणसाला, आणि त्याच्या घरात नांदत असताना. तिला कळलं असावं, आपण काय बोललो ते, कारण ती सूप उचलून आत गेली.